रस्त्यानं सत्तावीस किलोमीटर

जरा सरकून बसा आणि ऐका. नमनाला घडाभर तेल घालायची आपल्याला सवय नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. हा माणूस जन्मभर माश्यांना भ्याला आणि म्हातारपणी त्यांनाच पाठीवर घेऊन कड्याच्या कडेकडेनं चालला. घरात भिरभिरतात त्या माश्या नव्हेत बरं, मधाच्या. डंखवाल्या. खोटं वाटलं तर मध्येच उठून जा, मी रागावणार नाही.

तर, नुकतं फटफटलं होतं. टेम्पो अंगणाच्या फाटकाशी उलटा लावलेला, मागचं फळकूट खाली सोडलेलं. आणि आपला माणूस, म्हणजे हळूमामा, पहिल्या पेटीपासून चार हात लांब उभा. अनोळखी कुत्रं बांधलंय की सुटं आहे याचा अंदाज घेत बघावं, तसा पेटीकडे बघतोय.

"अहो, पेटी चावत नाही," बंद खिडकीच्या फटीतून बायको म्हणाली.

"पेटी चावत नाही गं. आत कोण बसलंय ते मला माहीत आहे."

"पेट्यांच्या दारांना जाळी लावलीत ना काल संध्याकाळी?"

"तूच बघत होतीस की. सतरा वेळा दाखवली."

"मग उचला. ऊन वर आलं की आत घुसमटतील."

हळूमामा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बसचा ड्रायव्हर तो. अख्ख्या नोकरीत त्याच्या चाकाखाली एक कोंबडी आली नाही, आणि बस एकदाही वेळेवर पोचली नाही. लोक म्हणायचे, मामाच्या बसमध्ये लग्नाला निघालं तर बारशाला पोचतं माणूस. पण धुकं पडलं, दरड ढासळली, घाटात काही दिसेनासं झालं, की हेच लोक दोन बस सोडून मामाच्या बसची वाट बघत थांबायचे. नोकरी संपली तरी नाव काही सुटलं नाही. आणि तो साऱ्या गल्लीचा मामा म्हणून त्याची बायको साऱ्या गल्लीची मामी.

माश्या मामीच्या. लग्न होऊन आली त्याच वर्षी मागच्या लिंबाच्या झाडावर एक मोहोळ येऊन लोंबलं. सगळी माणसं पळाली. मामा सगळ्यात पुढे. ही मात्र एक लाकडी खोकं घेऊन झाडाखाली गेली आणि नवीन भाडेकरू बघायला आल्यासारखी उभी राहिली. माहेरी तिच्या आजोबांच्या पेट्या होत्या, तिला कसली भीती! एकाच्या दोन पेट्या झाल्या, दोनाच्या सहा. तिथून पुढे मामानं आपल्या घराचं मागचं अंगण स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघितलं. कपडे वाळत घालायची वेळ आली तरी "दोरी पुढे बांधू" म्हणायचा.

मामी पेटीला कान लावायची. लावून बसायची म्हणा ना. आणि आत येऊन सांगायची, "चौथीतली राणी म्हातारी झाली वाटतं." मामा म्हणायचा, "चौथीतली कशाला, पहिल्या खोलीतली बघ." ती हसायची. पण त्याला खरोखर कळायचं नाही, की एवढं काय ऐकते ही? गुं गुं गुं. त्यात काय कान देऊन ऐकायचं?

आणि मग एक दिवस, साधा दिवस, एक साधी माशी तिच्या मानेवर बसली आणि डसली. आयुष्यात हजार वेळा डसली असेल. मामी नखानं डंख खरवडायची आणि काम पुढे चालू. या वेळी ओठ सुजले, श्वास अडकला आणि नळाशी कोसळली. शेजारच्या शिंपीणबाईनं आरडाओरडा केला. त्या दिवशी हळूमामानं समोरच्या दुकानदाराचा टेम्पो काढला आणि जो मारला, जो मारला, की नाक्यावरची माणसं अजून सांगतात, टेम्पो दिसला नाही, नुसतं वारं गेलं.

डॉक्टर तरुण होती, पण तोंड मऊ नव्हतं. म्हणाली, "शरीर कधीकधी एकाएकी उलटतं. आता पुढचा एक डंख पुरे आहे. तेव्हा माझ्यापर्यंत पोचाल, याची खात्री मी देणार नाही."

"इतकी वर्षं काही झालं नाही मला," मामी म्हणाली.

"झालं नव्हतं. आता झालं."

विषय संपला. पेट्या जायला हव्यात. गिऱ्हाईक होतं, पण मामी म्हणाली, "विकायच्या नाहीत. लांब न्या, पण आपल्याच असू द्यात." आणि एक नियम सांगितला. तिच्या आजोबांचा नियम. माशी हलवायची तर एक तर वीतभर हलवावी, नाहीतर दोन कोस. मधलं काही नाही. वीतभर हलवलं तर तिला दार सापडतं, दोन कोस नेलं तर ती सगळंच नवीन शिकते. मधे कुठं ठेवलं तर बाहेर पडते, ओळखीचं काही दिसतं, आणि चालली जुन्या घराला.

मामानं जागा शोधली. नदीपलीकडच्या डोंगरात, बंद पडलेल्या खाणीच्याही वर, कड्याला एक सपाट पायरी आहे, चार खोल्या मावतील एवढी. एका खेचरवाल्याच्या बापजाद्यांची. फवारणी नाही, वस्ती नाही, गाडी जात नाही, आणि फुलं म्हणाल तर अंगावर येतील इतकी.

"किती लांब?" मामीनं विचारलं होतं.

"रस्त्यानं सत्तावीस किलोमीटर," मामा ऐटीत म्हणाला. रस्त्याचं अंतर विचारावं तर त्यालाच.

सत्तावीस! मामीचं समाधान झालं. पुढे तिनं काही विचारलं नाही, आणि मामानंही एक गोष्ट पोटात ठेवली. ही जागा त्यानं फुलांसाठी निवडली नव्हती. तिथं मामीला चढताच येणार नाही, म्हणून निवडली होती. नाहीतर तो आंघोळीला गेला की ही बाई रिक्षा करून पेट्यांपाशी जाऊन बसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

असो. पेट्या चढल्या, दोरखंड आवळले आणि टेम्पो निघाला. आतल्या चौकटींना मेणाची पोळी लटकलेली असतात. गचका बसला की पोळं तुटतं आणि राणी चिरडते. तेव्हा या कामाला जगात एकच ड्रायव्हर योग्य होता. मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकले. एक सायकलवाला पुढे गेला, वळून बघत गेला. मामा आपला स्टिअरिंगला चिकटून, खड्ड्याला नमस्कार करून बाजूनं जातोय. गावाबाहेर पडला, नदीकाठानं खाली खाली पुलापर्यंत, पूल ओलांडून पुन्हा वर वर, वळणावर वळण, खाणीपर्यंत.

खाणीच्या तोंडाशी खेचरवाला बिडी ओढत बसला होता. शेजारी दोन खेचरं.

"मामा, तुमची वाट बघून खेचर म्हातारं झालं."

"गप. बिडी विझव, आत जीव आहेत."

"जीव आहेत म्हणूनच सांगतो. एक जरी सुटली ना, तर माझी खेचरं पळतील आणि त्यांच्या पुढे मी पळेन. तुमच्यात आणि दरीत मग कोणी नाही."

ओली गोणपाटं पेट्यांवर घातली. एकेका खेचरावर दोन्ही बाजूंना एकेक पेटी. उरलेल्या दोन दुसऱ्या फेरीला. पायवाट बरी होती, उंबराएवढ्या दगडांतून जाणारी. पण जिथं कड्याची चिंचोळी वाट सुरू होते, तिथं पुढचं खेचर थांबलं. ओढलं, गोंजारलं, शिव्या दिल्या. कान मागे घेऊन उभं.

"याला पुढची वाट माहीत नाही का?" मामा म्हणाला.

"माहीत आहे म्हणून तर थांबलंय."

मग काय! पेट्या माणसांच्या पाठीवर. खेचरवाल्यानं पट्टा कसा लावायचा ते दाखवलं, कपाळावरून एक आणि छातीवरून एक. पहिली पेटी चढवली तेव्हा मामाची पाचावर धारण बसली. लाकडाची एक फळी, फळीच्या अलीकडे मामाची पाठ, पलीकडे हजारो डंख. उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला नुसती हवा.

चार पावलं गेला आणि थबकला.

"दमलात?" मागून खेचरवाला.

"नाही."

"मग भ्यालात?"

"थांब रे. ऐकतोय."

पेटी गरम होती, अंगाला अंग लागल्यासारखी. आणि तो आवाज कानातून येतच नव्हता. बरगड्यांतून येत होता. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते, कुठं जायचं नसतं, पण इंजिन आपलं जिवंत असतं, तसा. मामा जन्मभर इंजिनाच्या आवाजावर जगलेला माणूस. कुठला वॉल्व्ह कुरकुरतो ते चहा पिता पिता सांगायचा. त्यानं पाऊल टाकलं की आवाज चढायचा, थांबला की हळूहळू उतरायचा. म्हणजे यांना कळतंय! पुढची पेटी घेतली, तर तिचा सूर वेगळा, खालचा, दाट. घरच्या ओळीत तिसरी असायची तिचा बारीक, तक्रार केल्यासारखा. मामाला भीती आठवेना. त्याला वाटलं, घरी जाऊन विचारायला हवं, ही तिसरी अशी का बोलते? आणि मग त्याच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत बायकोला माश्यांबद्दल त्यानं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

दुपार व्हायच्या सुमारास सहाही पेट्या पायरीवर दगडांच्या आसनांवर बसल्या. जाळ्या काढायचं काम मामानं खेचरवाल्यावर ढकललं आणि खेचरवाल्यानं मामावर. शेवटी मामानं एक लांब काठी घेतली आणि हात सरळ ताणून, तोंड फिरवून एकेक जाळी उचकटली. माश्या भसाभसा बाहेर पडल्या, उन्हात चमकल्या आणि फुलांवर पांगल्या. कोणाला काही केलं नाही.

मग मामानं मान वर करून समोर बघितलं. दरीपलीकडे, खाली, छपरंच छपरं. पाण्याची टाकी. टाकीशेजारी हिरवं टपकं.

"अरे! ते आमचं लिंबाचं झाड!"

"इथून घर दिसतं की तुमचं," खेचरवाला डोळे बारीक करून म्हणाला.

"दिसतं जवळ, पण आहे लांब. पोचायला संध्याकाळ होईल बघ." आणि हसत हसत त्यानं लिंबाच्या दिशेनं हातही हलवला.

तुम्हाला कळलं ना? कळलं असणारच, तुम्ही ड्रायव्हर नाही. मामाला कळलं नाही. तो आनंदात डोंगर उतरला, पुलाशी थांबून दोन चहा प्यायला, टपरीवाल्याला न विचारता सगळी हकिगत सांगितली आणि उतरत्या उन्हात आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला.

गल्ली रस्त्यावर उभी होती. म्हणजे माणसं सगळी बाहेर, आणि मामाच्या घरापासून लांब. शिंपीणबाईनं डोक्यावरून कुणाचा तरी शिवायला आलेला झगा ओढून घेतलेला.

"मामा! आल्या हो सगळ्या!"

"कोण आल्या?"

"तुमच्या घरच्याच! दुपारपासून येतायत. ढग आला ढग!"

हळूमामाच्या आधी माश्या घरी पोचल्या होत्या. सत्तावीस किलोमीटर रस्त्याला होते. माशीला कुठला पूल आणि कुठलं वळण? दरी ओलांडली की घर. अर्धा कोस असेल नसेल.

टेम्पोचं दार उघडंच टाकून मामा धावला. मागच्या अंगणात पेट्यांच्या सहा रिकाम्या घडवंच्या, आणि त्यांच्यावर, त्यांच्या पायांवर, लिंबाच्या बुंध्यावर माश्यांचे पुंजके. हवेत आणखी. वेड्यासारख्या घिरट्या घालतायत, जिथं दार होतं तिथं दार शोधतायत. आणि खिडकीच्या काचेमागे मामी. उभी. जिवंत.

"डसली का?" मामा ओरडला.

मामीनं मान हलवली. नाही. फटीत पदर कोंबला होता, तो जरासा सारून म्हणाली, "दाराखाली फडकी कोंबलीत. घाबरू नका. मला एक सांगा, ती जागा इथून कुठल्या बाजूला आहे? रस्ता सांगू नका. बोट दाखवा."

मामानं मागे वळून बोट केलं आणि बोट वरच राहिलं. समोर, दरीपलीकडे, मावळतीच्या उन्हात तो कडा लखलखत होता. इतका जवळ, की पायरीची रेघसुद्धा दिसत होती.

"ती?"

"ती."

मामीनं कड्याकडून घडवंच्यांवरच्या माश्यांकडे नजर फिरवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मामी, माझ्याकडे फवारा आहे," शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाली. "दोन फुसकारे मारते. सुंठीवाचून खोकला जाईल."

"तुझ्या शिवलेल्या कपड्यांवर रॉकेल ओतू का मी?" मामी आतून कडाडली. "शिंपीण, हात लावलास तर बघ!"

मग मामाकडे वळली. "ऊन गेलं की या गारठतील. पेटी नाही, पोळं नाही, सकाळपर्यंत निम्म्या मरतील. कोठीत रिकामी पेटी आहे, जुन्या पोळ्याच्या चौकटी आहेत. मधल्या घडवंचीवर मांडा. समोर चादर अंथरा, पांढरी. धुराडं पेटवा, गोणपाटाचा तुकडा घालून. माझी जाळीची टोपी खुंटीला आहे."

"मी?"

"मग कोण? मी येऊ बाहेर?"

मामानं टोपी घातली. आत मामीच्या साबणाचा वास. जाळीतून जग बारीक चौकटीचौकटीचं झालेलं. धुराडं पेटेना.

"फुंकर मारू नका, भाता दाबा. अहो, भाता! बसचा हॉर्न नाही तो!"

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं गं!"

"मग या आत, मी जाते शेळ्यांकडे!"

मामानं भाता दाबला. गार, पांढरा धूर निघाला. "आता ब्रश घ्या. घासायचं नाही. झोपलेल्या बाळाच्या तोंडावरचा केस बाजूला करतो ना, तसं." त्यानं पहिला पुंजका चादरीवर उतरवला. माश्या सैरावैरा झाल्या, एकीनं मनगटावर डंख मारला. "आई गं!" "नखानं खरवडा! चिमटीत धरू नका, विष आत जातं!" त्यानं खरवडला. आग झाली, पण आभाळ काही कोसळलं नाही. एवढ्याशा आगीला आपण जन्मभर भ्यालो?

तेवढ्यात चादरीवरच्या एका माशीला पेटीचं दार सापडलं. ती दारात उभी राहिली, शेपूट वर केलं आणि पंख फडफडवायला लागली. जागच्या जागी. शेजारी दुसरी, तशीच.

"अगं, हे काय करतायत?"

"हाका मारतायत. वासानं. या, या, जागा आहे, असं."

आणि चादरीवरच्या माश्या वळल्या. सगळ्यांची तोंडं एकीकडे झाली आणि चालत, हो, चालत, रांगा लावून पेटीकडे निघाल्या. ढकलाढकली नाही, कोपर नाही. मामा गुडघ्यावर बसला, जाळी लावलेलं तोंड दारापाशी नेलं आणि बघत राहिला. इतकी वर्षं बस चालवली, पण अशी चढताना माणसं त्याला एकदाही दिसली नव्हती.

"मागच्या पुंजक्याकडे बघा आता," म्हणायला मामीनं तोंड उघडलं आणि बोलता बोलता थांबली.

मामानं वर बघितलं. खिडकीच्या काचेवर, तिच्या तोंडासमोर, एक माशी होती. काचेच्या आतल्या बाजूला.

काचेवर हात आपटावा तर ती उडेल. दार उघडावं तर बाकीच्या आत शिरतील. तो नुसता उभा, ब्रश हातात. मामीनं काही घाई केली नाही. मागे न बघता हात नेऊन ओट्यावरचा काचेचा पेला उचलला, माशीवर अलगद पालथा धरला आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा खालून सरकवला. पेला उजेडाकडे धरला. खूप वेळ बघत राहिली. इतका वेळ, की मामा कासावीस झाला.

"मार तिला!"

"कशाला? बघा, पंख किती फाटलेत. ही म्हातारी आहे हो." मामीचा आवाज उतरला होता. "या सगळ्याच म्हाताऱ्या. तरण्या तिकडंच राहिल्या असणार, राणीपाशी. त्यांनी अजून उंबरा ओलांडलेला नसतो, त्यांना हे घर माहीतच नाही. फिरून फिरून ज्यांना वाट पाठ झालीय, त्या आल्या."

मग म्हणाली, "ही पेटी इथंच राहू द्या."

"काय?"

"यांचे दिवस किती उरलेत? दोन-तीन आठवडे. राणी नाही, पिल्लं नाहीत. आपल्या आपण संपतील. संपू देत घरी. मी आत बसते, खिडक्या लावून."

"आणि एक अशीच आत आली तर? ही कुठून आली ते तरी माहीत आहे का तुला?"

मामीनं पुठ्ठा पेल्याला आणखी घट्ट धरला.

"डॉक्टर काय म्हणाली? मी एकदा चालवली गाडी तशी. दुसऱ्यांदा..." टोपीच्या आत मामाला नाक पुसायचीही सोय नाही. मग तो एकदम म्हणाला, "ती जागा मी मुद्दाम शोधली. तुला चढता येणार नाही अशी. चूक झाली म्हण, काही म्हण. मला तू हवी आहेस. माश्यांचं मी बघतो."

"तुम्ही बघणार! आजवर त्यांच्याकडे धड बघितलं तरी आहे का?"

"आज बघितलं," मामा म्हणाला. "तिसरी पेटी बारीक आवाजात तक्रार करते. का करते?"

मामीनं पेला खाली घेतला. काचेतून नवऱ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच दिसल्यासारखं.

"तिसरी?" ती म्हणाली. "तिला गर्दी सोसत नाही. वर एक रिकामा मजला चढवायला हवा." मग म्हणाली, "घेऊन जा यांना. पण 'ठीक आहेत' एवढं सांगितलेलं मला चालणार नाही. सगळं सांगावं लागेल."

तिनं पेल्याचं तोंड फटीला लावलं, पुठ्ठा ओढून घेतला आणि मामानं बाहेरून बोट पुढे केलं. माशी तेवढी जरा थांबली, मग चालत त्याच्या बोटावर आली. मामानं तिला चादरीवर नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती पेटी पायरीवर गेली. तिच्यातल्या माश्यांना राणीच्या पेट्यांत मिसळलं आणि या वेळी मामीनं सांगितलं तसं केलं. तीन दिवस दारं जाळीनं बंद, पेट्यांवर झाडपाल्याची सावली, आणि उघडायच्या आधी दारादारात पानांच्या फांद्या रोवल्या. मामा तीन दिवस तिथंच राहिला, खेचरवाल्याच्या झोपडीत. दारं उघडली तेव्हा माश्या बाहेर आल्या, पानांवर आपटल्या, बुचकळल्या. हे काय नवीन? मग मागे वळल्या, पेटीकडे तोंड करून हवेत डाव्या-उजव्या झुलायला लागल्या. परगावच्या स्टँडवर उतरलेला माणूस पाट्या वाचत उभा राहतो ना, तशा. बऱ्याच राहिल्या. काही तरीही गेल्याच, दरी ओलांडून.

त्या मामीला दिसायच्या. रिकाम्या घडवंचीवर बसलेल्या. पहिल्या दिवशी ओंजळभर, मग चिमूटभर, मग एक. ती एकटी दोन सकाळी आली. मामीनं हे मामाला कधी सांगितलं नाही. पुढे केव्हातरी घडवंच्या धुऊन उन्हात उभ्या करायला लावल्या, एवढंच.

आता बरीच वर्षं झाली. पेट्या वरच आहेत. मामा आठवड्याला जातो आणि येऊन खिडकीशी बसतो. सुरुवातीला त्याचं सांगणं म्हणजे, "पिवळी फुलं आहेत, बटणाएवढी." "पिवळी म्हणजे कसली? पानं कशी? वास? सकाळी उघडी की दुपारी?" मामा पुन्हा जायचा, वाकून बघायचा, हुंगायचा. हळूहळू शिकला. पण आता त्याचे गुडघे बोलायला लागलेत. दर आठवड्याला कडा होत नाही. खेचरवाला जातो, पण त्याला फूल म्हणजे खेचरानं खाल्लेलं आणि न खाल्लेलं, एवढंच कळतं. आणि मामी माश्या असतात त्या महिन्यांत फारशी बाहेर पडत नाही. खिडकीत असते.

तेव्हा माझं एक काम करा. तुम्ही त्या वाटेनं येताय-जाताय. पुलाशी, खाणीशी, वळणावर, जिथं थांबाल तिथं जरा वाकून बघा काय फुललंय. पान कसं आहे, माशी बसलीय का, बसली असेल तर पाय पिवळे झालेत का. टाकीशेजारचं लिंबाचं घर कोणीही दाखवेल. खिडकीशी उभं राहून तिला सांगा. तोडून काही आणू नका, वासावर माशी येते मागोमाग. नुसतं सांगा. पण नीट, सगळं सांगा. "पिवळं होतं" म्हणालात तर ती तुम्हाला परत पाठवेल.